सर सय्यद यांचे लंडन आणि पेपर वाचणारी मोलकरीण

सर सय्यद अहमद खान यांचे नाव निघाले की अलीगढ आठवते. १८७५ची शाळा, १८७७मध्ये पायाभरणी झालेले कॉलेज, १९२०चे विद्यापीठ, हा क्रम अनेकांना पाठ असतो. सर सय्यद विलायतेला गेले, तिथले केंब्रिज पाहून आले आणि तसेच कॉलेज त्यांनी इथे काढले, एवढ्या एका वाक्यात त्यांचा सारा प्रवास आपण गुंडाळून टाकतो. हे खरे आहे, पण अर्धेच. १८६९-७० या काळात ते सुमारे सतरा महिने लंडनमध्ये होते. तिथून त्यांनी पाठवलेली पत्रे सायंटिफिक सोसायटीच्या अलीगढ गॅझेटमध्ये छापली जात होती. पुढे 'मुसाफिरान-ए-लंडन' या नावाने ती पुस्तकरूपातही आली. ती पत्रे वाचली तर दिसते की सर सय्यद यांना चकित करणाऱ्या गोष्टींत राजवाडे, पूल आणि विद्यापीठे होतीच. पण त्यांत घरकाम करणारी एक मुलगीही होती. त्या मुलीचे पुढे काय झाले हे इतिहासाला माहीत असण्याचे कारण नाही. मात्र तिला पाहून सर सय्यद यांच्या मनात जो विचार आला, त्याचे पुढे काय झाले हे तपासता येते. तेच या लेखात पाहायचे आहे.

प्रवासाची कारणे

सर सय्यद तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते आणि बनारसला न्यायखात्यात नोकरीला होते. १८५७ त्यांनी बिजनौरमध्ये पाहिले होते. दिल्लीत त्यांचे नातलग मारले गेले, हालअपेष्टा सोसलेली आई त्याच वर्षी मेरठला वारली. बंडाची कारणे सांगणारे पुस्तक लिहून त्यांनी सरकारच्या चुकाही दाखवल्या होत्या. पण या सगळ्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष एकच होता, की कौमला वाचवायचे तर तालीम हवी. १८५९मध्ये मुरादाबादला मदरसा, मग गाझीपूरला शाळा, १८६४मध्ये सायंटिफिक सोसायटी. या सोसायटीचे मुख्य काम म्हणजे इंग्रजीतली शास्त्राची आणि इतिहासाची पुस्तके उर्दूत आणणे.

म्हणजे शिक्षणाचे काम त्यांनी विलायतेला जाण्याआधीच सुरू केले होते. मग जायचे कशाला? धाकटा मुलगा सय्यद महमूद याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, हे निमित्त. तिथली शिक्षणव्यवस्था डोळ्यांनी पाहायची, हे दुसरे कारण. तिसरे कारण त्यांच्या काळजाला लागलेले होते. विल्यम म्यूर यांनी पैगंबरांचे चार खंडांचे इंग्रजी चरित्र १८६१पर्यंत पूर्ण केले होते. सर सय्यद यांच्या मते त्यात पैगंबरांवर अन्याय झाला होता. त्याला उत्तर द्यायचे तर मूळ साधने लंडनच्या ग्रंथालयांत होती.

गंमत अशी, की हेच म्यूर तेव्हा वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. सर सय्यद त्यांच्या हाताखालचे नोकर आणि महमूदची शिष्यवृत्तीही त्याच प्रांताची. साहेबाच्या राज्यात नोकरी करायची, मुलाला साहेबाच्या देशात शिकवायचे आणि साहेबाच्या पुस्तकाला साहेबाच्याच भाषेत उत्तर द्यायचे, असा हा सगळा मामला होता. त्यासाठी त्यांनी घर गहाण टाकले, जमवलेली पुस्तके विकली. सर सय्यद यांना सरसकट 'इंग्रजधार्जिणे' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

बनारस ते मुंबई, मुंबई ते मार्सेल

१ एप्रिल १८६९ला ते बनारसहून निघाले. जबलपूरपर्यंत रेल्वे होती, पण तिथून पुढची मुंबईची थेट लाइन अजून जोडली गेली नव्हती. म्हणून जबलपूर ते नागपूर बैलांच्या डाकगाडीने आणि नागपूरहून पुन्हा रेल्वेने मुंबई. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, इगतपुरी हा आपला नेहमीचा रस्ता. वाटेत हमालांपासून अंमलदारांपर्यंत सगळ्यांशी आपण उर्दूत बोललो आणि सगळ्यांना ती समजली, याचा त्यांना फार आनंद झाला. स्टेशनवरचा हमाल पाहुण्याशी जी भाषा बोलतो आणि घरी गेल्यावर बायकोशी जी बोलतो, त्यांत फरक असतो. वऱ्हाडी, अहिराणी, मराठी, दखनी ही त्या मुलखातल्या घरांची भाषा. धावत्या गाडीतल्या प्रवाशाला ती ऐकू येणे अवघडच होते. पण ही बारीक गोष्ट पुढेही उपयोगी पडते. प्रवासी मोठा असला तरी त्याच्यासमोर जे येते तेवढेच त्याला दिसते.

१० एप्रिलला 'बडोदा' नावाच्या आगबोटीने त्यांनी मुंबई सोडली. सोबत सय्यद हामिद आणि सय्यद महमूद हे दोन मुलगे, मिर्झा खुदादाद बेग हे तरुण स्नेही आणि छज्जू नावाचा नोकर. बोटीवर मेरी कार्पेंटर भेटल्या. या ब्रिस्टलच्या बाई हिंदुस्थानात मुलींच्या शाळा निघाव्यात म्हणून खटपट करून परत चालल्या होत्या. इंग्रजी येत नसल्याने सर सय्यद दुभाष्यामार्फत त्यांच्याशी बोलले. पहिल्याच बोटीवर मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न असा समोर येऊन बसला होता.

सुएझचा कालवा खुला व्हायला अजून सात महिने होते. त्यामुळे सुएझला उतरून रेल्वेने अलेक्झांड्रिया आणि तिथून दुसऱ्या बोटीने मार्सेल. या टप्प्यात कालवा खोदणारे फर्डिनांड द लेसेप्सच सहप्रवासी म्हणून भेटले. दोन समुद्र जोडणाऱ्या माणसाशी बोलायला मिळाले याचे सर सय्यद यांना अप्रूप वाटले. फ्रान्समध्ये पॅरिसचे दिवे, रस्ते, दुकाने पाहून ते हरखून गेले. पण व्हर्सायच्या राजवाड्यात अल्जीरियाच्या लढायांची भव्य चित्रे आहेत. अमीर अब्दुल कादिरची छावणी फ्रेंच फौजेने लुटली, तिथल्या बायकामुलांची दाणादाण उडाली, तो प्रसंग एका प्रचंड चित्रात रंगवलेला आहे. ते पाहून मात्र त्यांना वाईट वाटले. स्वतःला सभ्य म्हणवणाऱ्या राष्ट्राने बायकांच्या दुर्दशेचे असे प्रदर्शन मांडावे, हे त्यांना पटले नाही.

एलिझाबेथ आणि अर्ध्या पेनीचा पेपर

४ मे १८६९ला ही मंडळी लंडनला पोचली. ब्लूम्सबरी भागातल्या मेक्लेनबर्ग स्क्वेअरमध्ये २१ क्रमांकाच्या घरात त्यांनी जागा घेतली. आज त्या घरावर सर सय्यद यांच्या नावाची निळी पाटी आहे. घरमालक लडलॅम नावाचे सद्गृहस्थ. ते, त्यांची पत्नी, पत्नीच्या बहिणी अशा मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबाच्या रोजच्या वागण्यातून सर सय्यद यांनी इंग्लंड पाहिले. बोलण्यातली अदब, घराची टापटीप, जेवणानंतर पुस्तकांवर होणाऱ्या गप्पा. बायका पुस्तके वाचतात आणि वाचलेल्यावर पुरुषांशी वाद घालतात, याची त्यांनी कौतुकाने नोंद केली.

त्याच घरात एलिझाबेथ मॅथ्यूज ही तरुण मोलकरीण होती. गरीब घरची. ती 'एको' नावाचे अर्ध्या पेनीचे संध्याकाळचे वर्तमानपत्र विकत घेई आणि काम आटोपले की वाचत बसे. सर सय्यद थक्क झाले. भाड्याच्या गाड्या हाकणारे गाडीवानसुद्धा बसायच्या जागेखाली एखादा पेपर किंवा पुस्तक ठेवतात आणि गिऱ्हाइकाची वाट पाहताना वाचतात, हेही त्यांनी लिहून ठेवले.

का थक्क झाले? शहाजहानाबादच्या शरीफ घराण्यात वाढलेल्या माणसाला मोठ्या घरातल्या बाईने वाचावे याचे एवढे नवल वाटले नसते. त्यांच्या स्वतःच्या आईला वाचता येत होते. नवल होते ते घरकाम करणारीने वाचावे याचे. आपल्या सोबत आलेल्या छज्जूकडे आणि या एलिझाबेथकडे एकाच घरात पाहताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

या निरीक्षणातून त्यांनी एक मोठा निष्कर्ष काढला. इंग्लंडमध्ये सगळे ज्ञान लोकांच्या स्वतःच्या भाषेत आहे, म्हणून ते मोलकरणीपर्यंत पोचते. हिंदुस्थान सुधारायचा तर सगळी शास्त्रे इथल्या भाषेत आली पाहिजेत. हे वाक्य हिमालयावर मोठमोठ्या अक्षरांत कोरून ठेवावे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. लंडनमध्येच त्यांनी हिंदुस्थानातल्या शिक्षणपद्धतीवर टीका करणारी इंग्रजी पुस्तिका छापली. सरकारी शिक्षण मूठभरांपुरते राहते आणि सामान्य माणसापर्यंत पोचतच नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

अर्थात त्यांना दिसलेले लंडन एका नीटनेटक्या चौकातले होते. शहराच्या पूर्व भागातल्या झोपड्या, कारखान्यात राबणारी पोरे त्यांच्या पत्रांत फारशी येत नाहीत. इंग्लंडमधल्या सगळ्या गरिबांच्या मुलांना तेव्हा शाळा मिळत होती असेही नाही. त्यासाठीचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा ऑगस्ट १८७०मध्ये, म्हणजे सर सय्यद तिथे असतानाच झाला. शिक्षण सक्तीचे व्हायला १८८० साल उजाडले आणि मोफत व्हायला १८९१. एलिझाबेथ सगळ्या मोलकरणींची प्रतिनिधी नव्हती. पण निष्कर्ष चुकीचा नव्हता. एखाद्या देशाची तालीम मोजायची तर तिथल्या सर्वांत शहाण्या माणसाकडे न पाहता घर झाडणाऱ्या बाईकडे पाहावे, हे मोजमाप सर सय्यद यांना लंडनमध्ये सापडले होते.

ते बदनाम पत्र

१५ ऑक्टोबर १८६९च्या पत्रामुळे सर सय्यद आजही अडचणीत येतात. इंग्रज आपल्याला जनावर समजतात याचा मला हिंदुस्थानात राग येत असे, पण इथे आल्यावर वाटते की आपण त्यांच्यासमोर खरोखरच मळक्या जनावरासारखे आहोत, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. उच्च-नीच, व्यापारी-दुकानदार, शिकलेले-अडाणी सगळे हिंदुस्थानी त्यात आले. गॅझेटमध्ये हे छापून आल्यावर गदारोळ झाला. इकडे लोक खवळले आणि ते साहजिकच होते.

या पत्राचे समर्थन करण्याची गरज नाही. पण ते लिहिणारा माणूस त्या दिवसांत काय करत होता तेही पाहावे. इंडिया ऑफिसच्या आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत बसून तो म्यूर यांना उत्तर लिहीत होता. लॅटिन, फ्रेंच पुस्तकांतले उतारे पैसे देऊन भाषांतरित करून घेत होता. पैसे संपत आले तेव्हा घरातली भांडी विकून रक्कम पाठवा, असे मित्राला कळवत होता. १८७०मध्ये लंडनच्या ट्र्यूबनर कंपनीने हे निबंध इंग्रजीत छापले. एका गुलाम देशातला मुसलमान राज्यकर्त्याच्या राजधानीत उभा राहून, शिवीगाळ न करता, पुराव्याला पुराव्याने उत्तर देतो, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यायचे असते, हा धडा आपल्याला आजही घेता येईल.

म्हणजे एकाच माणसात दोन माणसे होती. एक दिपून गेलेला, दुसरा दुखावलेला. ही दुसरी जखम एका प्रसंगात उघडी पडते.

चित्रांचे पुस्तक

इंडिया ऑफिसमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ ठेवलेला होता. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि त्यांची माहिती असे सरकारी खंड तेव्हा निघत होते. हिंदुस्थानात नोकरीसाठी जाणारे तरुण इंग्रज ते चाळत. सर सय्यद आणि त्यांची मुले एकदा ते पाहत होती. अर्धनग्न माणसांचे फोटो, खाली तुच्छतेने लिहिलेली वर्णने. शेजारी एक तरुण इंग्रज होता. त्याने महमूदला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूदचा चेहरा लाल झाला. तो 'हो' म्हणाला, पण लगेच पुढे म्हणाला, की मी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून तिथे आले.

सर सय्यद यांनी हा प्रसंग कळवळून लिहिला आहे. जोवर हिंदुस्थानी माणूस हा डाग पुसत नाही तोवर त्याला मान मिळणार नाही, हे त्यांचे तात्पर्य. पण आपण तो आज वाचतो तेव्हा महमूदच्या उत्तरापाशी अडखळतो. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. अपमानाच्या क्षणी आपण जवळचा आधार धरतो आणि त्याच्या जवळचा आधार वंशाचा होता. आम्ही अरबस्तानातून आलो, आम्ही इराणातून आलो, आम्ही सय्यद, आम्ही शेख, आम्ही पठाण. फोटोतल्या माणसाच्या बाजूने उभे राहून 'हे माझे लोक आहेत, यांचा असा तमाशा का मांडला?' असे म्हणण्याऐवजी 'मी त्यांच्यातला नाही' हे उत्तर आले. मुस्लिम समाजातला अशराफ आणि अजलाफ हा भेद लंडनच्या त्या टेबलापाशी लख्ख दिसतो. विणकर, पिंजारी, तांबोळी, बागवान, कसाई, अत्तार, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान, त्या फोटोतल्या बाजूला होते.

परतल्यावर

ऑक्टोबर १८७०मध्ये सर सय्यद परतले आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या शीर्षकाचा ठसा ते लंडनहूनच करवून आले होते. अंधश्रद्धा, आंधळे अनुकरण, शिक्षणाबद्दलची उदासीनता यांवर त्यांनी साध्यासोप्या उर्दूत लिहिले. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. एक विरोधक तर मक्केहून फतवा घेऊन आला. ते मागे हटले नाहीत.

केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात शिकून आलेल्या महमूदने १८७३मध्ये कॉलेजची योजना मांडली. विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, खेळावे, वादसभा घ्याव्यात, हे सगळे त्या योजनेत होते. ८ जानेवारी १८७७ला व्हाइसरॉय लिटन यांनी कॉलेजचा कोनशिला समारंभ केला. कॉलेज हिंदूंनाही खुले होते. तिथले पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदू विद्यार्थी होते. ही थोर कामगिरी आहे, यात वाद नाही.

पण हिमालयावर कोरायचे वाक्य कुठे गेले? कॉलेजचे माध्यम इंग्रजी झाले. १८८०च्या सुमारास पंजाबात देशी भाषांतून आणि प्राच्य विद्यांवर भर देणाऱ्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा सर सय्यद यांनी कडाडून विरोध केला. त्यामागे व्यवहार होता. नोकऱ्या इंग्रजीला होत्या आणि देशी भाषेच्या नावाखाली आपल्याला मागे ठेवतील ही भीती खरी होती. मात्र त्यामुळे शाळेचे दार पुन्हा त्याच शरीफ घरांच्या मुलांपुरते उरले. डिसेंबर १८८७च्या लखनौच्या भाषणात तर त्यांनी विचारले, की हलक्या जातीचा माणूस बी. ए., एम. ए. झाला म्हणून खानदानी लोक त्याची हुकमत मान्य करतील काय? एलिझाबेथच्या हातातल्या पेपरवर मोहित झालेल्या माणसाला आपल्याकडची एलिझाबेथ शिकली तर काय होईल, याची धास्ती वाटू लागली होती.

एका आयोगापुढे दोन माणसे

१८८२मध्ये सरकारने हंटर शिक्षण आयोग नेमला. सर सय्यद यांनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींच्या शिक्षणाबद्दल त्यांचे मत असे, की आधी पुरुष नीट शिकू द्या, मग स्त्रियांचे शिक्षण आपोआप येईल. तोवर सरकारने घाई करू नये.

त्याच आयोगाला पुण्याहून जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. फुले कधी विलायतेला गेले नव्हते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. तोवर फुले दांपत्याला मुलींची आणि अस्पृश्यांची शाळा काढून तीन दशके झाली होती.

सर सय्यद यांना लंडनमध्ये जे दिसले होते, त्याची मागणी पुण्यातून झाली. दोघे एकाच काळातले, दोघांनाही आपल्या लोकांकडून शिव्याशाप मिळाले. फरक उभे राहण्याच्या जागेचा होता. फुले ज्या घरात जन्मले तिथून मोलकरीण जवळ दिसते. दिल्लीच्या हवेलीतून तिच्याकडे पाहायला लंडनला जावे लागले आणि परत आल्यावर ती पुन्हा दिसेनाशी झाली.

मुलींनी स्वतः काढलेली वाट

ज्या ऑक्टोबरमध्ये ते बदनाम पत्र लिहिले गेले, त्याच ऑक्टोबर १८६९मध्ये केंब्रिजजवळ हिचिन इथे मुलींचे एक कॉलेज सुरू झाले. विद्यार्थिनी पाच. पुढे तेच गर्टन कॉलेज झाले. अलीगढने केंब्रिजकडून पुष्कळ उचलले, हे मात्र उचलले नाही.

सय्यद मुमताज अली यांनी इस्लामच्या आधारे स्त्रियांचे हक्क मांडणारे 'हुकूक-ए-निस्वां' लिहिले आणि हस्तलिखित सर सय्यद यांना दाखवले. सर सय्यद संतापले, त्यांनी ते फाडून टोपलीत टाकले, अशी आठवण सांगितली जाते. मार्च १८९८मध्ये सर सय्यद वारले आणि त्यानंतर ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वां' हे स्त्रियांचे साप्ताहिक काढले. १९०६मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढलाच मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी मुंबईच्या अतिया फैजी लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. त्यांची बहीण नाझली म्हणजे आपल्या जंजिऱ्याची बेगम. अतियांची लंडनची रोजनिशी 'तहजीब-ए-निस्वां'मध्ये छापून आली आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचे पुस्तक झाले. सर सय्यद यांनी केलेलाच प्रवास सदतीस वर्षांनी एका मुस्लिम मुलीने केला. वाचणाऱ्या बाईचे कौतुक त्यांनी केले, इथे वाचणारी बाईच लिहीत होती. अर्थात तीही हवेलीतलीच होती. मोलकरणीची पाळी अजून यायची होती.

सर सय्यद यांना मोडीत काढण्यासाठी हे लिहिलेले नाही. घर गहाण टाकून, भांडी विकून त्यांनी जे केले ते आज चार एकर जागेत शाळेची पाटी लावून देणगी उकळणाऱ्यांना जमणार नाही. पण त्यांना मानायचे तर त्यांच्या कॉलेजबरोबर त्यांचे ते मोजमापही मानावे. दर १७ ऑक्टोबरला आपल्या शहरांतही 'सर सय्यद डे' होतो. भाषणे होतात, मुशायरा होतो, दावत होते. दावतीनंतर मागच्या दाराशी भांडी घासायला एक बाई बसलेली असते. बहुतेकदा ती आपल्याच मोहल्ल्यातली असते. तिला आणि तिच्या मुलीला पेपर वाचता येतो का, हे त्या दिवशी कुणीतरी विचारावे. सर सय्यद यांनी मेक्लेनबर्ग स्क्वेअरमध्ये तेच पाहिले होते.